ठेकेदाराचा विमा खंडित होतो तेव्हा

आपल्या व्यवसायातील लिखापढीचा विषय निघाला की बहुतेक वैद्यबंधूंच्या मनात परवाना, साठा-नोंदवही आणि खरेदीची बिले एवढ्याच गोष्टी येतात. ठेकेदाराशी केलेला करार त्या यादीत सहसा नसतो. तथापि आपले औषधालय किंवा फार्मसी आज कितीतरी ठेकेदारांच्या आधारावर उभी असते. सातपुड्याच्या पायथ्यापासून हिरडा, बेहडा, मोहफुले आणून देणारा मुकादम, ती निवडण्या-वाळवण्या-कुटण्यासाठी माणसे पुरविणारा ठेकेदार, माल वाहून नेणारा टेम्पोमालक, पंचकर्म कक्षाची डागडुजी करणारा मिस्त्री आणि आपल्या नावाचे औषध आपल्यासाठी तयार करून देणारा निर्माता, अशी ही साखळी आहे.

जागरूक व्यावसायिक या करारांमध्ये "ठेकेदाराने आवश्यक तो विमा उतरवावा" असे एक वाक्य घालतो, पॉलिसीची छायाप्रत फाइलला लावतो आणि निश्चिंत होतो. आमच्या मते निश्चिंत होण्याची ती वेळ नव्हे. तो विमा कामाच्या मध्येच खंडित झाला तर पुढे काय, याचे उत्तर बहुधा त्या करारात नसते. विमा उतरविण्याच्या अटीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाची अट विमा खंडित झाल्यावर कोणी काय करावयाचे ही आहे. ती लिहिलेली नसेल तर पहिली अट केवळ शोभेची राहते. या मताची कारणे व्यवसायबंधूंपुढे ठेवावीत, हाच या लेखाचा हेतू.

पॉलिसी संपते कशी

शार्ङ्गधराने कल्पांच्या वीर्याची कालमर्यादा सांगितली आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षभर टिकतात, आसव मात्र जुने होईल तसे गुणवान होते. विम्याची पॉलिसी आसवाच्या वर्गात बसत नाही. तिच्यावर छापलेल्या अखेरच्या दिवसाची मध्यरात्र उलटली की तिचे वीर्य संपते. आयुर्विम्यात हप्ता भरण्यास सवलतीचे दिवस मिळतात, म्हणून सर्वच विम्यांत ती सवलत असावी असा एक समज आढळतो. आग, वाहन, कामगार नुकसानभरपाई या वार्षिक विम्यांत मुदत संपल्यानंतर घडलेल्या अपघाताला संरक्षण मिळत नाही, मग नूतनीकरण दुसऱ्याच दिवशी केलेले का असेना. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-व्हीबीचा दंडक असा की, हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये.

यातून दुसरा प्रकार उद्भवतो, तो न वटलेल्या धनादेशाचा. पॉलिसीचा कागद हाती असतो, मुदतही शिल्लक असते, परंतु हप्त्याचा धनादेश परत गेलेला असतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध सीमा मल्होत्रा या २००१ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, हप्त्याचा धनादेश वटला नसल्यामुळे वाहनाच्या नुकसानीचा दावा देण्यास कंपनी बांधील नाही असे ठरविले. त्याआधी इंद्रजित कौर प्रकरणात, रस्त्यावरील त्रयस्थ व्यक्तीच्या बाबतीत, पॉलिसी दिल्यावर कंपनीला हात झटकता येणार नाहीत असे न्यायालयाने म्हटले होते. २००७ सालच्या देद्दाप्पा निकालाने मात्र हेही स्पष्ट केले की, कंपनीने अपघातापूर्वीच पॉलिसी रद्द करून तसे रीतसर कळविले असेल तर तिच्यावर जबाबदारी राहत नाही. आपल्यापुरता बोध एवढाच, की फाइलमधील छायाप्रत म्हणजे हप्ता भरल्याचा पुरावा नव्हे.

तिसरा प्रकार अधिक गुप्त आहे. पॉलिसी चालू असते, हप्ताही भरलेला असतो, परंतु प्रत्यक्ष काम पॉलिसीत सांगितलेल्या कामाहून निराळे झालेले असते. ठेकेदाराने आठ मजुरांचे वेतन जाहीर करून विमा घेतला आणि हंगामात पंचवीस माणसे लावली. एका गोदामातील मालाचा आगीचा विमा घेतला आणि माल दुसऱ्याच पत्र्याच्या शेडमध्ये हलविला. मालवाहू गाडीचा विमा काढला आणि घाटातून उतरताना पोत्यांवर मजूर बसविले. या शेवटच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी प्रकरणातील निकाल प्रसिद्ध आहे. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे त्यात ठरले. धडगाव-मोलगीकडील घाटरस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. असा विमा तांत्रिक अर्थाने खंडित झालेला नसतो, परंतु नेमक्या अपघाताच्या वेळी तो नसल्यासारखाच ठरतो. म्हणून करारात "खंडित" या शब्दाची व्याख्या करताना मुदत संपणे, रद्द होणे, हप्ता न पोचणे आणि संरक्षण अपुरे पडणे या चारही गोष्टी समाविष्ट कराव्यात.

भार कोणावर पडतो

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा आहे. त्याच्या १२ व्या कलमाने असे ठरविले की, मालकाने आपल्या नेहमीच्या व्यवसायाचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करवून घेतले तर ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मुख्य मालकावरही येते. मालकाने ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मुख्य मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

फार्मसीच्या आवारात ठेकेदाराची माणसे औषधी कुटत असतील, काढ्याच्या भट्टीवर अथवा तैलपाकाच्या कढईशी काम करीत असतील, तर ते काम आपल्या व्यवसायाचाच भाग होय. तेथे ठेकेदाराचा विमा खंडित झाला की अपघाताचा भार थेट आपल्या दारी येतो. तो किती असू शकतो? मृत्यूच्या प्रसंगी मासिक वेतनाचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, असा १९२३ च्या कायद्यातील हिशोब होता. ३० वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. वेतन १२,००० रुपये धरले तर भरपाई १२,४७,८८० रुपये होते. ती महिन्याच्या आत न दिल्यास १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशीही तरतूद त्यात होती. लहान फार्मसीचे वर्षानुवर्षांचे भांडवल एका अपघातात संपावे, एवढी ही रक्कम आहे. "मजुरांची कोणतीही जबाबदारी मालकावर राहणार नाही" असे वाक्य करारात घातल्याने ती टळत नाही. कामगाराचा हक्क त्याच्या गैरहजेरीत दोघांनी मिळून सोडून देता येत नाही.

आता आवाराबाहेर पाहू. १२ व्या कलमातील ही जबाबदारी मालकाच्या आवारापुरती वा त्याच्या ताब्यातील जागेपुरती होती. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरात मुकादमाच्या मजुरीवर आवळा उतरविणारा माणूस झाडावरून पडला, तर या कलमाचा हात आपल्यापर्यंत सहसा पोचत नव्हता. हे वाचून एखाद्याला हायसे वाटेल. आम्हांला मात्र येथेच प्रश्नाचे मर्म दिसते. कारखान्यात विमा खंडित झाला तर निदान मालकाकडे मागता येते. रानात तो खंडित झाला तर त्या माणसाच्या कुटुंबाला फक्त मुकादमाकडे पाहावे लागते, आणि मुकादमाजवळ बहुधा एक मोटारसायकल आणि पुढच्या हंगामाची उधारी याखेरीज काही नसते. कायदा भरपाईची जबाबदारी टाकतो. तिच्यासाठी मुकादमाने खाजगी विमा उतरवावाच, अशी सक्ती त्या जुन्या कायद्यात नव्हती. ती सक्ती करू शकणारा कागद एकच, आपण मुकादमाशी केलेला करार. ज्याच्या मेहनतीवर आपले च्यवनप्राश आणि त्रिफळा चूर्ण तयार होते, त्याच्या घरासाठी त्या करारातील विम्याची ओळ हीच कित्येकदा अखेरची ओळ असते. सबब ती ओळ जिवंत ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, मग जबाबदारी कायद्याने आपल्यावर येवो वा न येवो.

स्वतःच्या हिशोबाने वनोपज गोळा करून बाजारात विकणारी व्यक्ती ही विक्रेती होय, मुकादमाची कामगार नव्हे. तिला हा विमा लागू होत नाही. अशांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेसारखे साधन आहे. मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. वार्षिक हप्ता आरंभी १२ रुपये होता, तो जून २०२२ पासून २० रुपये झाला. हा विमाही ३१ मे रोजी संपतो, आणि त्या सुमारास बँक खात्यात वीस रुपये नसले तर पुढे चालू राहत नाही. मजूर होळीनंतर कामासाठी बाहेरगावी असतो आणि खाते रिकामे असते. खंडित विम्याचे याहून बोलके उदाहरण नाही.

शासन आपल्या ठेक्यात काय लिहिते

हा प्रश्न नवा नाही. मोठी बांधकामे करवून घेणाऱ्यांनी त्यावर फार पूर्वी विचार केला आहे. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक बांधकामाच्या निविदांत वर्षानुवर्षे छापली गेलेली अट अशी की, ठेकेदाराने कामाच्या पूर्ण किमतीचा व पूर्ण मुदतीचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडेच उतरवावा. अन्य कंपनीची पॉलिसी आणल्यास ती स्वीकारली जाणार नाही, आणि शासकीय विमा निधीने काढलेल्या हप्त्याची रक्कम ठेकेदाराच्या देयकातून परस्पर कापून संचालनालयाकडे भरली जाईल. या अटीत ठेकेदाराच्या निवडस्वातंत्र्याचा संकोच होतो, असा आक्षेप घेता येईल. परंतु तिच्यातील एक सूत्र घेण्यासारखे आहे. ठेकेदाराने कसूर केली तर शासन केवळ पत्रव्यवहार करीत बसत नाही, हप्ता भरण्याची व्यवस्था स्वतःच्या हाती घेते.

जागतिक बँकेच्या लहान बांधकामांच्या नमुना करारातील १३ वे कलम हेच अधिक समतोलपणे सांगते. विमा मालक व ठेकेदार या दोघांच्या संयुक्त नावे असावा. ठेकेदाराने पॉलिसी सादर न केल्यास मालकाने ती स्वतः घ्यावी आणि हप्ता ठेकेदाराच्या देयकातून वळता करावा. देयकच शिल्लक नसेल तर तो हप्ता ठेकेदाराकडून येणे असलेले कर्ज समजावे. अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिडिकच्या, १९८७ सालच्या करारनमुन्यातही याच आशयाचे स्वतंत्र कलम आहे.

या नमुन्यांचा उपयोग करताना आपल्या जिल्ह्याची रीत मात्र विसरून चालणार नाही. सरकारी ठेकेदाराचे बिल काम झाल्यावर निघते, म्हणून त्यातून कापण्यास काही तरी असते. आपल्याकडे मुकादमाला हंगामापूर्वी उचल दिली जाते. सारी रक्कम उचलीत गेली असेल तर कपातीचा अधिकार कागदावर कितीही ठसठशीत असला तरी कापायचे कशातून? म्हणून उचलीचे हप्ते पाडावेत, आणि अखेरचा हप्ता विम्याच्या हप्त्याहून निश्चितपणे मोठा राहील अशी योजना करावी.

आपल्या करारात काय असावे

मोठ्या कंपन्यांची पंधरा पानी कलमे आपल्या उपयोगाची नाहीत. एका पानात मावेल आणि मुकादमाला वाचून दाखविता येईल एवढाच मजकूर असावा. त्याचा गाभा आमच्या मते पुढीलप्रमाणे:

"ठेकेदाराने परिशिष्टात लिहिलेले विमे काम सुरू होण्यापूर्वी घ्यावेत व काम पुरे होईपर्यंत चालू ठेवावेत. पॉलिसीसोबत हप्ता जमा झाल्याची पावती द्यावी. मुदत संपण्यापूर्वी पंधरा दिवस नूतनीकरणाची पावती दाखवावी. कोणताही विमा संपल्यास, रद्द झाल्यास, हप्ता न पोचल्यास वा कामगारांच्या संख्येच्या मानाने अपुरा पडल्यास ठेकेदाराने चोवीस तासांत मालकास कळवावे व त्या विम्याशी संबंधित काम थांबवावे. थांबलेल्या काळाचा मोबदला वा मुदतवाढ ठेकेदारास मिळणार नाही. मालकास योग्य वाटल्यास तो विमा घेऊन हप्त्याची रक्कम ठेकेदाराच्या येण्यातून वळती करील. येणे नसल्यास ती रक्कम ठेकेदाराकडील कर्ज समजली जाईल. सात दिवसांत विमा पूर्ववत न झाल्यास मालकास करार संपविता येईल. विमा नसलेल्या काळात घडलेल्या अपघाताची भरपाई ठेकेदार स्वतः देईल, व ती मालकास द्यावी लागल्यास ठेकेदार ती मालकास परत करील. मालकाने काम चालू राहू दिले वा पैसे दिले, एवढ्यावरून ही अट सोडून दिली असे समजले जाणार नाही."

यातील काही शब्दांमागील कारणे सांगणे इष्ट. "मालकास योग्य वाटल्यास" असे म्हटले, कारण विमा घेण्याचा अधिकार राखावयाचा आहे, बंधन ओढवून घ्यावयाचे नाही. शिवाय मालकाने विमा घेतला तरी तो त्या दिवसापासून पुढे लागू होतो. मागील तारखेचा विमा मिळत नसतो. अर्थात मधला खड्डा हप्ता कापून भरत नाही. तो भरण्यासाठीच भरपाईच्या हमीचे स्वतंत्र वाक्य हवे. भारतीय करार अधिनियम, १८७२ ची १२४ व १२५ ही कलमे अशा हमीला मान्यता देतात. मात्र ठेकेदार निर्धन असेल तर हमीचे मोल तेवढेच, हे ध्यानी ठेवून काम थांबविण्याची अट कधीही गाळू नये. प्रतिबंध हाच येथील मुख्य उपक्रम, भरपाई ही त्यानंतरची चिकित्सा.

काही जण दर दिवसामागे अमुक रुपये दंड अशी अट घालतात. त्याच अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, हे फतेहचंद प्रकरणापासून, म्हणजे १९६३ पासून, सुस्थापित आहे. सबब अवास्तव आकडा लिहून धाक दाखविण्यात अर्थ नाही. शेवटच्या वाक्याचे महत्त्व तर अनुभवी व्यावसायिकांना सहज पटेल. विमा संपलेला दिसत असूनही हंगामाच्या घाईत काम चालू ठेवले जाते आणि पुढे वादात ठेकेदार म्हणतो, "तुम्हांला माहीत होते, तुम्ही चालवून घेतले."

कपातीच्या अधिकाराविषयी एक व्यावहारिक सूचना. दुसऱ्याच्या मजुरांचा विमा त्याच्या माहितीविना काढणे सोपे नसते, कारण वेतन व संख्या जाहीर करावी लागते. त्यापेक्षा आपली स्वतःची कामगार भरपाईची पॉलिसी असेल तर तीतच जादा हप्ता भरून ठेकेदाराच्या कामगारांना समाविष्ट करण्याची सोय विमा कंपनीकडे विचारून ठेवावी. ठेकेदाराचा विमा खंडित झाल्याचे कळताच ही सोय एका अर्जाने वापरता येईल अशी पूर्वतयारी असावी.

निर्मितीच्या ठेक्यातील वेगळी अडचण

आपल्यातील काही बंधू स्वतःच्या नावाची औषधे दुसऱ्याच्या कारखान्यात लोन लायसन्सवर, म्हणजे नमुना २५-ई खालील परवान्यावर, तयार करवून घेतात. तेथे विमा खंडित होण्याचा परिणाम आणखी लांबवर पोचतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदी जुलै २०२० पासून लागू आहेत. दुसऱ्याने बनविलेल्या मालावर स्वतःची मुद्रा लावणारा त्या कायद्याच्या व्याख्येनुसार उत्पादकच ठरतो. म्हणजे कारखानदाराच्या हातून झालेल्या दोषासाठी तक्रार आपल्या नावावर येऊ शकते.

या जोखमीचा विमा बहुधा दाव्याच्या तारखेवर चालतो. औषध कोणत्या दिवशी बनले यापेक्षा दावा कोणत्या दिवशी आला, व त्या दिवशी पॉलिसी चालू होती की नाही, हे पाहिले जाते. मागील कामाला संरक्षण मिळण्यासाठी पॉलिसीची साखळी अखंड असावी लागते. कारखानदाराने एक वर्ष नूतनीकरण चुकविले आणि पुढच्या वर्षी नवी पॉलिसी घेतली, तर मधल्या खंडामुळे आधीच्या सर्व घाण्यांचे संरक्षण जाऊ शकते. चूर्ण लवकर खपते, परंतु आसव-अरिष्टे कपाटात वर्षानुवर्षे राहतात. सबब अशा करारात विमा करार संपल्यावरही, निदान शेवटच्या घाण्याची वापरमुदत संपेपर्यंत, चालू ठेवण्याची अट असावी, आणि नवी पॉलिसी घेताना पूर्वलक्षी तारीख तीच राखण्याचे बंधन असावे. वैद्यांच्या व्यावसायिक दायित्व विम्यालाही हाच न्याय सामान्यतः लागू असतो, हे जाता जाता नमूद करतो.

कठोरता कोणासाठी

या सर्व अटींवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आपल्या जिल्ह्यातील व्यवहार विश्वासावर चालतात, मुकादम पिढीजात ओळखीचा असतो, त्याच्यापुढे असला कागद ठेवणे म्हणजे अविश्वास दाखविणे. आमचे उत्तर असे की, विश्वास दोन माणसांमध्ये असतो आणि अपघात तिसऱ्यालाच होतो. ज्याचा हात चूर्णयंत्रात सापडतो त्याने आपल्या ओळखीवर सही केलेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान ठेकेदाराचा विमा खंडित होतो तो पुष्कळदा पैशाअभावी, आणि पैशाचा अभाव होतो तो बिले थकल्यामुळे. मोठ्या फार्मसीने तीन-तीन महिने बिल दाबून ठेवावे आणि हप्ता चुकला म्हणून त्याच ठेकेदाराचा करार मोडावा, हे धर्माला धरून नाही. म्हणून अटींचे ओझे एकतर्फी नसावे. ठेकेदाराचे देय बिल थकलेले असताना विमा संपण्याची वेळ आली, तर मालकाने त्या बिलापैकी हप्त्याची रक्कम थेट विमा कंपनीस भरावी, व तोपर्यंत कसुरीची कोणतीही कारवाई करू नये, असे कलम करारात असावे. तसेच विमा खंडित झाला या सबबीखाली झालेल्या कामाचे सर्व पैसे अडवून धरू नयेत. हप्ता व संभाव्य जोखीम यांच्या प्रमाणातच रक्कम राखावी. विम्याची अट मजुराच्या रक्षणासाठी आहे. ठेकेदाराची देणी बुडविण्याचे हत्यार तिचे होता कामा नये.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या सहा तालुक्यांत भिली, पावरी, मावची, अहिराणी अशा बोली नांदतात. इंग्रजी छापील करारावर अंगठा उमटविणाऱ्या मुकादमाला "चोवीस तासांत कळवावे" हे ठाऊकच नसेल तर तो कळविणार कसा? करार मराठीत असावा आणि सहीपूर्वी त्याच्या बोलीत समजावून सांगावा. नवापूरपलीकडे लगेच गुजरात आहे, ठेकेदार व्यारा-सुरत बाजूचा असू शकतो. म्हणून वाद कोणत्या न्यायालयात चालेल तेही लिहावे. कामगाराला मात्र १९२३ च्या कायद्यातील १९९५ च्या दुरुस्तीने स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा करण्याचा हक्क दिला होता. दोघांमधील अशा कलमाने त्या तत्त्वाला धक्का लागू नये.

करावयाचे काम फार मोठे नाही. प्रत्येक फार्मसीत औषधांच्या वापरमुदतीची नोंदवही असतेच. तिच्याशेजारी ठेकेदारांच्या पॉलिसींची एक वही ठेवावी. तीत ठेकेदाराचे नाव, विम्याचा प्रकार, जाहीर केलेली कामगारसंख्या, हप्त्याची पावती आणि अखेरचा दिवस असे पाच रकाने असावेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती चाळावी. ३१ मार्चला संपणाऱ्या पॉलिसींवर विशेष लक्ष असावे, कारण मोहफुलांचा हंगाम नेमका त्याच दिवसांत ऐन भरात असतो. आपल्या संघटनेने वर दिलेल्या आशयाचा एकपानी मराठी नमुना विधिज्ञांकडून तपासून सभासदांना उपलब्ध करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तोवर व्यवसायबंधूंनी निदान आज आपल्या फाइलमधील पॉलिसींवरील अखेरची तारीख वाचावी. ती उलटून गेलेली आढळली तर त्या ठेकेदाराचे काम उद्या सकाळी सुरू होण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे.